जस्तावरची सोनेरी साय

कार्बोरेटरचं झाकण धरून ठेवणाऱ्या स्क्रूंपैकी एकाच्या वॉशरखाली तो रंग मला दिसला. बाहेर सगळीकडे चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं पेट्रोल सुकून तपकिरी खापरी धरलेली आणि तिच्यावर हैदराबादची धूळ. वॉशर मात्र एकदा आवळला गेला तो आवळलेलाच राहिला होता. तो उचलला, तर खाली जुन्या दहा पैशांहूनही लहान असं एक कडं उघडं पडलं. पिवळं, पण पितळेसारखं नव्हे. हळदीच्या पाण्यावर तेलाचा थेंब तरंगावा तसं. तिरकं धरलं की त्यात हिरवी आणि गुलाबी झाक फिरायची.

गाडी वडिलांची. प्रीमियर पद्मिनी, १९७८ ची. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती आली आणि हैदराबादच्या नारायणगुड्यात आमच्या दारात उभी राहिली. घरापासून चालत दहा मिनिटांवर केशव मेमोरियल शाळा. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर या निजाम राज्यातल्या मराठी पुढाऱ्याच्या नावाने १९४० मध्ये सुरू झालेली. वडील रोज त्या शाळेवरून गाडी न्यायचे, आणि रविवारी बॉनेट उघडून नुसते बघत उभे राहायचे. ते गेल्यावर गाडी बारा वर्षं ताडपत्रीखाली होती. आता ती उघडायची, तर जशी होती तशीच व्हायला हवी, एवढं एकच माझ्या मनात होतं.

मेकॅनिकने कार्बोरेटर हातात घेतला आणि आपुलकीने म्हणाला, “बफ मारके दूँ साब? शीशे जैसा चमकेगा।” त्याच्या हाताला कसब आहे, इंजिनाचा आवाज ऐकून तो व्हॉल्व्हची फट सांगतो. पण बफच्या चाकाखाली ते कडं अर्ध्या मिनिटात गेलं असतं, आणि त्या गाडीचा मूळ रंग कसा होता हे सांगणारी अखेरची साक्षही त्याबरोबर गेली असती. मी कार्बोरेटर परत मागून घेतला आणि त्या कड्याच्या मागे लागलो.

आधी हे समजून घेतलं पाहिजे की तो रंग नव्हेच, मुलामाही नव्हे. मुलामा म्हणजे एका धातूवर दुसऱ्या धातूचं पाणी चढवणं. वरून काहीतरी आणून ठेवणं. इथे तसं काही ठेवलेलं नाही. कार्बोरेटरची घडण जस्ताची असते. ती वस्तू सोडियम डायक्रोमेटच्या आम्लधारी पाण्यात काही सेकंद बुडवली की पृष्ठभागावरचं थोडं जस्त विरघळतं, आम्ल तिथल्या तिथे खर्ची पडतं, आणि क्रोमियमची संयुगं व जस्त मिळून त्याच जागी एक ओलसर, जेलीसारखा पापुद्रा धरतात. तापल्या दुधावर साय धरावी तसा. साय काही वरून ओतलेली नसते, ती दुधाचीच असते. हा पापुद्राही जस्ताचाच. जाडी बहुधा एका मायक्रॉनच्या आत. माणसाचा केस त्याच्या साठ-सत्तर पट जाड. ती झाक फिरते ती याच पातळपणामुळे, साबणाच्या फुग्यावर फिरते तशी.

या सायीचा जन्म नोंदलेला आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीच्या ई. जे. विल्हेल्म यांना १९३६ मध्ये तिचं पेटंट मिळालं. ‘क्रोनॅक’ या नावाने ती कृती ओळखली गेली. लिटरभर पाण्यात सुमारे दोनशे ग्रॅम सोडियम डायक्रोमेट, त्यात थोडं गंधकाम्ल, पाच ते पंधरा सेकंदांची बुडी, मग स्वच्छ पाण्याने धुणं. हीच कंपनी का, याचं उत्तर सात वर्षं मागे आहे. १९२९ च्या सुमारास तिनेच जस्ताचा एक मिश्रधातू बाजारात आणला होता. जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं यांच्या जर्मन नावांची आद्याक्षरं जोडून त्याला ‘झॅमॅक’ म्हटलं गेलं. तो साच्यात दाबून ओतता येई, बारीक भोकं आणि वळणंही नेमकी उतरत, आणि कार्बोरेटर ही तर भोकांची आणि वळणांचीच वस्तू. बघता बघता दरवाजांच्या मुठी, पेट्रोलपंप, कार्बोरेटर, सगळं जस्ताचं झालं. आणि लगेच तक्रार आली: दमट हवेत जस्तावर पांढरी भुकटी धरते. मुंबईच्या पावसाळ्यात जस्ताची बादली ज्याने ठेवली आहे त्याला ही भुकटी ठाऊक आहे. ज्यांनी धातू विकला त्यांनीच मग त्याला कातडी दिली.

कातडी हा शब्द मी जाणून वापरतो. तो मला आजीने दिला.

आजी उदगीरची. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते, आणि त्या भागातल्या जुन्या मराठी घरांत बिदरी कामाची एखादी वस्तू असायचीच. आजीच्या माहेरहून आलेलं एक पानदान होतं. काळंभोर, त्यावर चांदीच्या तारेची वेलबुट्टी. नऊ-दहा वर्षांचा असताना दिवाळीच्या घासपुशीत तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर मी ते पानदानही चिंच आणि राख लावून घासलं. काळेपणा उतरला, खालून राखाडी डाग डोकावले. मला वाटलं, भांडं निघालं स्वच्छ. आजीने ते हातात घेतलं, अंगठा फिरवला आणि म्हणाली, “अरे, तू घासलं नाहीस रे, सोललंस.”

पुढे कळलं की तिने शब्दही किती नेमका निवडला होता. बिदरी वस्तूचा धातू बहुतांश जस्त असतो. सोळा भाग जस्ताला एक भाग तांबं हे त्यातलं नेहमीचं प्रमाण. मातीच्या साच्यात वस्तू ओतायची, कानसायची, मग तिच्यावर मोरचुदाचं पाणी फिरवायचं. त्याने तात्पुरता काळसर रंग येतो आणि कोरणीची रेघ उठून दिसते. रेघेत चांदी ठोकून बसवायची, सगळं घासून एकसारखं करायचं. या टप्प्यावर चांदी आणि जस्त दोन्ही पांढुरके, नक्षी जवळपास हरवलेली. आणि मग शेवटचं काम. बिदरच्या किल्ल्यातल्या जुन्या भिंतींखालची, ऊन-पाऊस न लागलेली माती आणायची, कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. तिच्यात नवसागर आणि पाणी घालून वस्तू त्यात गरम करायची. काही क्षणांत जस्त काळं पडतं आणि चांदी जशीच्या तशी राहते. वर थोडं तेल चोळायचं, की काळा रंग खोल होतो.

सुझन ला नीस आणि ग्रॅहम मार्टिन या संशोधकांनी १९८७ मध्ये बिदरी वस्तूंची तांत्रिक तपासणी प्रसिद्ध केली. नवसागराच्या लेपात पृष्ठभागावरचं जस्त विरघळतं आणि तांबं मागे उरतं, त्या तांब्याच्या संयुगांची ती काळी कातडी असते, हे त्यातून पुढे आलं. नुसतं शुद्ध जस्त असं काळं होतच नाही. म्हणजे सोळाला एक भाग तांबं हा त्या रंगाचा बीजभाग. ओततानाच पुढच्या कातडीची तरतूद करून ठेवलेली.

मला हे वाचून राहवलं नाही. बिदर आमच्या नारायणगुड्यापासून दीडशे किलोमीटरच्या आत. तिथे किमान चारशे वर्षं जस्ताला त्याच्याच अंगातून काळी कातडी आणली जाते. न्यू जर्सीत १९३६ मध्ये जस्ताला त्याच्याच अंगातून सोनेरी साय आणली गेली. एकाचं दुसऱ्याला कळलं असण्याचं कारण नाही, आणि मी तसा दावाही करत नाही. पण दोन्ही कृती धातूकडे एकाच नजरेने बघतात. धातू सडणारच आहे तर त्याला आपण ठरवू तसं, ठरवू तेवढंच सडू द्यायचं, आणि त्या सडण्याचंच कवच करायचं. मूळ पृष्ठभाग जपणाऱ्याने हे एकदा मनात धरलं की बफचं चाक हातात घ्यायला हात धजत नाही.

जस्ताचं घराणं तर याहूनही जुनं आणि इथलंच. जस्त ९०७ अंशांना उकळून वाफ होतं, म्हणून उघड्या भट्टीत ते हाती लागत नाही. ऑक्सिजन भेटला की परत भस्म. राजस्थानात उदयपूरजवळ जावरला वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या मांडून, वाफ खाली उतरवून जस्त गोळा करत. एका भट्टीत अशा छत्तीस मुशी. ही भट्ट्यांची रांग १९८३ च्या उत्खननात जशीच्या तशी सापडली. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त गाळण्याचं पेटंट घेतलं ते १७३८ मध्ये, जावरच्या कितीतरी शतकांनंतर.

दुसरी परंपरा पाणी चढवण्याची, आणि ती घराघरांतली. कल्हई. पितळेच्या पातेल्यात ताक कळकतं, आमटी हिरवी पडते, म्हणून आतून कथलाचा पातळ थर. बेगम बाजारात भांड्यांच्या दुकानांपाशी कल्हईवाले भाता लावून बसत. तापल्या भांड्यात नवसागराची चिमूट टाकली की पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने एका फेऱ्यात सगळं भांडं रुपेरी. तोच नवसागर, बिदरच्या लेपातला. तिथे तो जस्त खातो, इथे तांब्यावरचा मळ खाऊन कथलाला वाट करून देतो. मोटारीच्या अंगावरचे निकेल आणि क्रोम हे या कल्हईच्या कुळातले, फक्त भाता जाऊन वीज आली. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनांचं विजेच्या मुलाम्याचं पेटंट १८४० चं.

हैदराबादेत निकेल आणि क्रोम यांतला फरक शिकायचा तर चौमहल्ला राजवाड्यात जावं. तिथे निजामाची पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट उभी असते, १९१२ ची, बार्कर कंपनीने बांधलेल्या अंगाची, मागे सिंहासनासारखी बैठक. सहावे निजाम महबूब अली खान यांनी ती मागवली आणि १९११ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. गाडी आली ती मीर उस्मान अली खान यांच्या काळात. आता हिशेब करा. सजावटीचं क्रोमिंग धंद्यात उतरलं ते १९२० च्या दशकाच्या मध्यावर, कोलंबिया विद्यापीठातल्या कॉलिन फिंक यांच्या कामानंतर. म्हणजे १९१२ च्या कुठल्याही गाडीचे दिवे, मुठी, जाळी यांवर क्रोम असणं शक्यच नाही. तिथे निकेल हवं, किंवा चांदी, किंवा उघडं पितळ. निकेलची चमक किंचित पिवळसर, ऊबदार. क्रोमची निळसर, थंड. निकेल हवेत मंद होतं आणि रोज फडक्याने पुसावं लागतं. त्या गाड्यांबरोबर पुसणारी माणसंही नेमलेली असत. देशभरच्या प्रदर्शनांत मी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या गाड्या निळ्या क्रोमने लखलखताना पाहिल्या आहेत, आणि दरवेळी वाईट वाटलं आहे. पैसा, मेहनत, प्रेम सगळं ओतलेलं, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाने त्या गाडीत जे पाहिलं ते मात्र पुसून टाकलेलं. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंसाठी जी शिस्त सांगितली, मूळ भाग आधी राखा, नवं घाला तर ते कळू द्या, तिच्याच धर्तीवर जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने पुढे ट्युरिन सनद केली. ट्युरिन म्हणजे फियाटचं गाव. पद्मिनी मुळात फियाटच, म्हणजे हे तिचं आजोळच.

पद्मिनीकडे परत येतो, कारण कार्बोरेटरनंतर बोल्ट निघाले. काही काळे, फॉस्फेटचे. लोखंडाला फॉस्फरिक आम्लात उकळून काळपट खरखरीत थर आणायचा आणि तो तेल पिऊन राहतो. इंग्लंडमध्ये थॉमस कॉस्लेटने १९०६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि १९१५ पासून डेट्रॉइटच्या पार्कर कंपनीने ते जगभर नेलं. हीही कातडीच, वरून आणलेली नव्हे. बाकीचे बोल्ट सोनेरी. त्यांच्यावर आधी जस्ताचं विजेने चढवलेलं पाणी, आठ-दहा मायक्रॉनचं, आणि त्या जस्तावर तीच डायक्रोमेटची साय. दोन्ही कुळांचा इथे संसार झालेला.

परदेशी गाड्यांत जस्ताच्या जागी पुष्कळदा कॅडमियम भेटतं. ते १८१७ मध्ये जर्मनीत फ्रीडरिश श्ट्रोमायर यांना सापडलं तेही जस्ताच्या खनिजात मिसळलेलं, आणि आजही ते जस्त गाळताना हाताशी येतं. १९२० च्या दशकापासून ते बोल्टांवर चढवू लागले. खाऱ्या हवेत टिकतं, आणि अंगाने घसरट, म्हणून पाना फिरवताना बोल्ट एकसारखा आवळला जातो. त्याचं दुसरं रूप जपानच्या तोयामा प्रांतात दिसलं. जिंझू नदीच्या पाण्यात खाणीतलं कॅडमियम उतरलं, ते भातात गेलं, आणि भात खाणाऱ्यांची हाडं ठिसूळ होऊन कण्हणं हेच त्या रोगाचं नाव पडलं: इताई-इताई. कारण कॅडमियमच, हे जपान सरकारने १९६८ मध्ये मान्य केलं.

हे मनात घेऊनच मी बोल्टांचा डबा बालानगरला नेला.

बालानगर आणि त्याला लागून सनतनगर. १९४२ मध्ये निघालेल्या हैदराबाद ऑल्विनचं नाव सनतनगरशी जोडलेलं. बसच्या बॉड्या, लोखंडी कपाटं, पुढे फ्रीज. त्या सगळ्या टापूत अजूनही लहान लहान शेडमध्ये मुलाम्याच्या टाक्या आहेत. शेडमध्ये शिरलं की आधी घशाला आम्ल लागतं, मग डोळ्यांना. मी जुन्या बोल्टाचं डोकं दाखवलं आणि असा रंग हवा म्हणालो. एका वयस्क कारागिराने बोल्ट उजेडात फिरवला. “ये पुराना पीला है साब,” म्हणाला, आणि हातमोजा काढला. नखांच्या कडांना आणि बोटांच्या सांध्यांवर डाळीच्या दाण्याएवढे गोल, खोल वण. काही न बोलता त्याने मोजा पुन्हा चढवला.

ते क्रोमचे व्रण. जुन्या पिवळ्या सायीत सहा संयुजेचं क्रोमियम असतं, आणि तिची सगळी ताकदही त्यातच असते. पृष्ठभागावर चरा गेला तर शेजारच्या सायीतून ते ओलाव्याबरोबर सरकतं आणि उघडं पडलेलं जस्त पुन्हा झाकतं. कातडीवरची जखम भरून यावी तसं. पण माणसाच्या खऱ्या कातडीला तेच खातं. वाफेबरोबर नाकात गेलं तर दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला भोक पाडतं. ते कर्करोगही करतं. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत क्रोमचा व्रण नावानिशी होता. युरोपने २००० मध्ये मोटारींसाठी नियम केला आणि जुलै २००७ पासून नव्या गाड्यांच्या बोल्टांवरून ही साय उतरली. आता तीन संयुजेच्या क्रोमची साय धरतात. ती बहुधा बिनरंगी किंवा निळसर. पिवळी हवी तर त्यात रंग घालतात.

मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. वॉशरखालच्या त्या कड्याशी इमान राखायचं तर जुनी टाकी हवी होती, आणि ती त्या शेडमध्ये मागे एका कोपऱ्यात होतीही. पण मूळ रंग म्हणजे काय, हा प्रश्न बोल्टाच्या डोक्यापुरता नसतो हे त्या हाताने दाखवलं होतं. बोल्टावरची साय मी त्या माणसाच्या बोटांवर पुन्हा आणणार नव्हतो. मी नवी साय मागितली.

तीही नीट यावी म्हणून काही गोष्टी आग्रहाने करून घ्याव्या लागल्या. जुनं जस्त मिठाच्या पातळ आम्लात उतरवायचं, वाळूचा मारा नको. वाळूने बोल्टाचं डोकं खरखरीत होतं आणि मूळ कारखान्यातल्या कापाच्या रेघा जातात. आजच्या टाक्यांत चमक आणणारी द्रव्यं भरपूर असतात, त्यातून निघालेलं जस्त आरशासारखं दिसतं. सत्तरच्या दशकातल्या सायनाइडच्या टाकीतलं जस्त मंद, दुधट असायचं. म्हणून बारीक काचेच्या मण्यांचा हलका हात आधीच फिरवून घेतला. कडक पोलादाच्या बोल्टांत आम्लातून आणि विजेतून हायड्रोजन शिरतो आणि आवळल्यावर काही तासांनी डोकं तटकन तुटू शकतं. त्यासाठी मुलाम्यानंतर लगेच १९० अंशांच्या आसपास काही तास भट्टीत ठेवावे लागतात. आणि साय धरायची ती भट्टीनंतरच. जुन्या पिवळ्या सायीचं उलट केलं, तर साठ-सत्तर अंशांच्या पुढे तिच्यातलं पाणी निघून जातं, ती तडकते, आणि रंग दिसला तरी राखण संपलेली असते. कारागिराला हा क्रम तोंडपाठ होता. मीच दोनदा विचारलं.

बोल्ट आले ते छान आले. जुन्या बोल्टाशेजारी ठेवले तर फरक कळतो: पिवळा जरा सपाट, तिरकं धरल्यावर फिरणारी झाक फिकट. पाच फुटांवरून कुणाच्या लक्षात येणार नाही. एक मूळ बोल्ट मी तसाच ठेवला आहे, पाकिटात घालून, वर गाडीचा नंबर आणि तो कुठे बसवलेला होता ते लिहून. पुढे कुणाला खरा रंग बघावासा वाटला तर तो असावा.

कार्बोरेटरला मात्र कुठल्याच टाकीत घातलं नाही. त्याला जस्ताचं पाणी चढवायची गरजच नाही, तो जस्तच आहे. आणि जुनी साय काढल्याशिवाय नवी धरत नाही. रॉकेलमध्ये भिजवून, दात घासायच्या मऊ ब्रशने तीन संध्याकाळ खापरी सोडवत बसलो. कास्टिक सोड्याच्या गरम पाण्यात एका तासात झालं असतं, पण सोडा जस्त खातो आणि अंग काळवंडतं. खापरीखालून साय सगळीकडे निघाली नाही. फ्लोट चेंबरच्या बाजूला ती जवळपास गेलेली आहे, तिथे राखाडी जस्त दिसतं. पाठीमागे, जिथे इंजिनाची धग कमी लागली, तिथे हाताच्या पंजाएवढा भाग अजून सोनेरी आहे.

आजीचं पानदान त्या वर्षी बिदरला जाऊन पुन्हा काळं होऊन आलं होतं, आणि त्यानंतर दर दिवाळीत ती त्याला खोबरेल तेलाचा हात फिरवून फडक्यात गुंडाळायची. कार्बोरेटरला मी मशीनच्या पातळ तेलाचा हात फिरवला. झाकण बसवलं, जुना वॉशर त्याच्या त्याच कड्यावर ठेवला आणि स्क्रू आवळला.